गाडी लोअर केली, टायर आतून खातंय: कॅम्बर, टो आणि कामाचा क्रम

गाडी लोअर केल्यावर, म्हणजे आखूड स्प्रिंग घालून खाली घेतल्यावर, पुढचे टायर आतल्या कडेनं तारा दिसेपर्यंत झिजले की दोष कॅम्बरच्या, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकण्याच्या, माथी जातो. चाक वरच्या बाजूनं आत झुकलेलं डोळ्याला दिसतं ना, म्हणून. टो, म्हणजे वरून पाहता चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं, डोळ्याला दिसत नाही, आणि टायर जास्त खातो तो टोच. एका चाकाचा टो १० मिनिटांनी चुकला (६० मिनिटं म्हणजे एक अंश), तरी ते चाक दर किलोमीटरला सुमारे २.९ मीटर आडवं घासलं जातं. ३० मिनिटांची चूक असेल तर पावणेनऊ मीटर. उलट टो बरोबर असेल तर सव्वा अंशाचा निगेटिव्ह (वरून आत झुकलेला) कॅम्बर टायर मुकाट सोसतो.

स्विफ्ट, सिटी, पोलो अशा गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्जॉर्बरचा एकत्र उभा खांब) असतो. चाकाला खालून धरणारी दांडी म्हणजे लोअर आर्म; तो मुळात बाहेरच्या टोकाला किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की तो आडवा होत जातो, त्याच्या टोकाचा सांधा, बॉल जॉइंट, बाहेर सरकतो आणि कॅम्बर निगेटिव्हकडे जातो. ३० मिमी उतरवल्यावर साधारण अर्धा ते एक अंश फरक पडतो. त्याहून खाली नेऊन आर्म आडव्याच्याही वर गेला, की हिशेब उलटा फिरू लागतो आणि वळणावर गाडी पकड सोडते. टाय रॉडचा (स्टेअरिंगकडून चाकाला जाणाऱ्या दांडीचा) कंस आर्मच्या कंसाशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे उंची बदलली की टो हलतोच.

किती खाली न्यायची? इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाचा गोल गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गावाच्या वेशीवर लोकांनी स्वतः घातलेला गतिरोधक असलं काही जाणत नाही. जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतच्या १६५ मिमी क्लिअरन्समधून ३५ गेले की १३० उरले. त्यात चार माणसं आणि डिकीत ज्वारीचं पोतं. शिवाय काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो आणि लाटा धरतो. मराठवाड्यात रोज चालवायच्या गाडीला ३० मिमी पुष्कळ झालं. स्प्रिंग कापून गाडी खाली घेऊ नका: जॅकवर चाक लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग बैठक सोडते, आणि कधीतरी ती रस्त्यावरच्या खड्ड्यातही सोडेल.

आता बसवणीतली सगळ्यात जास्त होणारी चूक. लोअर आर्मच्या सांध्यातले बुश रबराचे असतात आणि बोल्ट आवळला की त्याच कोनात धरले जातात. गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण कसले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं. ते लवकर फाटतं, आणि फाटेपर्यंत गाडी थोडी वर धरून ठेवतं. म्हणून बोल्ट हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून-मागून चारदा दाबून सोडा, मग कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) कसा. बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबरी ठोकळा, लोअरिंग किटमध्ये सांगितला असेल तेवढाच कापा.

त्याच दिवशी टो अंदाजे बसवून घ्या. पक्की अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर जुळवणं) ३०० ते ५०० किमी चालवून, स्प्रिंग बसल्यावर. मधल्या काळात कॅम्बर घरीही तपासता येतो. सपाट फरशीवर, स्टेअरिंग सरळ ठेवून, गवंड्याचा ओळंबा चाकासमोर सोडा. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही कडा ४०० मिमी अंतरावर असतील, तर ७ मिमी फरक म्हणजे एक अंश. फरशीला उतार असेल तर आकडा फसवा. गाडी उलट्या तोंडानं उभी करून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या.

अलाइनमेंटला जाण्याआधी टायर थंड असताना हवा भरा. मे महिन्यात दुपारी जालना रोडवरून आलेल्या तापलेल्या टायरची हवा मोजून काही कळत नाही. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग यांत खेळ असेल तर आधी ते बदला. ढिल्या जोडावर केलेली अलाइनमेंट गेटबाहेर पडेपर्यंतच टिकते. एरवी एकटेच गाडी चालवत असाल, तर ड्रायव्हर सीटवर तेवढं वजन ठेवायला सांगा.

क्रम असा: मागच्या चाकांचं माप, मग पुढचा कास्टर (बाजूनं पाहता स्टेअरिंगच्या आसाचा पुढं-मागं झुकाव), मग कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी. कॅम्बर हलवला की टो बिघडतो, म्हणून उलटं केलेलं काम पुन्हा करावं लागतं. रोजच्या गाडीला पुढं उणे १ ते उणे दीड अंश कॅम्बर चालतो. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको, नाहीतर गाडी ओढते. एकूण टो शून्य ते १० मिनिटं आत. मशीन मूळ गाडीच्या मापाशी तुलना करतं, म्हणून कॅम्बर लाल दिसेल, घाबरू नका. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मात्र मागून घ्या.

कॅम्बर दीडच्या पुढं गेला असेल तर कॅम्बर जुळवायचा खास बोल्ट, कॅम्बर बोल्ट. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्टांनी जोडलेले असतील तिथंच तो बसतो. पोलोत स्ट्रट नकलच्या क्लॅम्पमध्ये असतो, तिथं नाही. हा बोल्ट मूळच्यापेक्षा बारीक, त्यामुळे त्याचा टॉर्क किटवर लिहिलेलाच धरायचा, इम्पॅक्ट गननं ठोकायचा नाही. कसल्यावर डोक्यापासून नकलपर्यंत पेंटची रेघ ओढा. खड्ड्यात आपटून बोल्ट सरकला तर रेघ तुटलेली दिसते. हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट वाकवायचा आणि त्याला ‘कॅम्बर काढला’ म्हणायचं, हा प्रकार सर्रास चालतो. करू देऊ नका. वाकलेल्या स्ट्रटचा रॉड घासतो आणि सील तेल सोडतं.

मागं टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असेल तर लोअर केल्यानं कॅम्बर फारसा बदलत नाही. माप तरीही बिघडलेलं निघालं, तर हबमागं शिम (पातळ पत्र्याची चकती) घालतात किंवा बीमच वाकलेला असतो.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या काही जुन्या गाड्यांना मागच्या ब्रेकसाठी वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. मागचा भाग खाली बसला की गाडी भरली आहे असं त्याला वाटतं, तो मागं जास्त दाब सोडतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात. त्याचा लिव्हर नव्या उंचीला जुळवून घ्या. हेडलाइटही पुन्हा लावा, आणि ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) असेल तर स्टेअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणा.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना आडकाठी करतं, तेव्हा किट घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही विचारून घ्या.

दर हजार किलोमीटरला तळहात टायरवरून आडवा फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं लागलं, तर टो. नुसता आतला भाग तिरपा झिजलेला पण गुळगुळीत, तर कॅम्बर.