वृद्धसेवेचं काम शिकताना आधी हात तयार करा

ठाणे-नवी मुंबईत आजी-आजोबांच्या देखभालीचं काम मागायला गेलात की ब्युरोवाले प्रमाणपत्र बघतात, घरचे मात्र पहिल्याच दिवशी तुमचा हात बघतात. सुरुवात जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे जीडीए, या कोर्सने करा. फी भरण्याआधी एवढं विचाराच: वॉर्डात प्रत्यक्ष किती दिवस, कोणत्या रुग्णालयात, आणि एका पेशंटभोवती किती विद्यार्थी? नुसत्या पुतळ्यावर शिकलेला माणूस पक्षाघात झालेल्या 70 किलोच्या आजोबांपुढे गांगरतो. इंजेक्शन, सलाईन हे नर्सचं काम. त्यासाठी नर्सिंगचे वेगळे कोर्स आहेत: एएनएम 2 वर्षं, जीएनएम 3 वर्षं. जीडीए केलेल्याने घरच्यांनी गळ घातली तरी सुई धरू नये.

सगळ्यात जास्त सराव लागतो तो पलंगावरून खुर्चीत बसवण्याला. चाकाची खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. आजोबांना कुशीवर घेऊन पाय खाली सोडून बसवा आणि एक-दोन मिनिटं तसंच बसू द्या. एकदम उभं केलं की बीपी उतरतो, चक्कर येते, आणि पडणं बहुतेक इथेच होतं. पायात न घसरणारी चप्पल हवी. पेशंटच्या कमरेला बांधलेला आधाराचा पट्टा धरा, आपले गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, त्यांचा लुळा गुडघा आपल्या गुडघ्याने अडवा. काखेत हात घालून किंवा लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. खुर्ची पोटरीला लागली की मगच हळू बसवा.

अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर 2 तासांनी बदला. टाचा आणि माकडहाड रोज बघा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. तिथे चोळायचं नाही, घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवायचं. पावसाळ्यात आपल्याकडे चादरी नीट वाळत नाहीत, दमट चादर अंथरलीत तर कातडी लवकर सोलवटते. म्हणून एक कोरडा जोड कायम बाजूला ठेवा.

भरवताना पाठ उंच हवी, नंतरही निदान अर्धा तास आडवं करू नका, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली टांगा.

मधुमेह असलेल्या आजींना घाम सुटला, हात थरथरले तर लगेच साखर तपासा. साखर 70 च्या खाली असेल आणि आजी शुद्धीवर असतील, गिळता येत असेल, तर 3 चमचे साखर पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी परत तपासा. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

कामावर जाताना आधार आणि पोलीस पडताळणीचा कागद जवळ असू द्या. ड्युटी 12 तासांची की 24 तासांची, सुट्टी कधी, हे आधीच लिहून घ्या. पेशंटच्या घरी एक वही ठेवा: जेवण, लघवी, बीपी, औषध, वेळेसकट. औषधाची नोंद गोळी गिळल्यावर करायची, हातात दिल्यावर नाही. गालात धरून ठेवलेल्या गोळ्या उशीखाली सापडतात.