काम चोख, मॅनेजर अवघड: ऑफिसच्या राजकारणात टिकायचे कसे

हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये अप्रेझलच्या दिवसांत जाऊन बसा. एक वाक्य हमखास कानावर येईल: "काम मी केलं आणि रेटिंग त्याला मिळालं." बोलणारा बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. पण रेटिंग नेमके कुठे ठरते हे त्याला कुणी सांगितलेले नसते, आणि आपण होऊन विचारायला तो कामातून डोके वर काढत नाही. हा लेख अशांसाठी आहे, ज्यांच्या कामाबद्दल कुणाला शंका नाही, पण ज्यांचे काम पुढे मांडणारा कुणी नाही. उदाहरणे आयटीतली आहेत, कारण मी तिथे टीममध्येही होते आणि मॅनेजरच्या खुर्चीतही बसले. बँक, औषध कंपनी किंवा डिझाइन स्टुडिओतही फार वेगळे चालत नाही.

पायरी १: बंद दाराआडची बैठक समजून घ्या

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत तुमचा मॅनेजर पोर्टलवर रेटिंग भरतो ते कच्चे असते. त्यानंतर युनिटमधले सगळे मॅनेजर डिलिव्हरी हेडसमोर बसतात. कुठे याला नॉर्मलायझेशन म्हणतात, कुठे कॅलिब्रेशन. बेल कर्व्ह (कोणते रेटिंग किती जणांना, याचे ठरलेले प्रमाण) नाही असे कंपनीने जाहीर केले, तरी बजेट ठरलेलेच असते. त्यामुळे वरची रेटिंग मोजकी आणि इच्छुक भरपूर. प्रत्येक मॅनेजर आपापल्या माणसासाठी भांडतो, आणि एकेका माणसाच्या वाट्याला जेमतेम एखादे मिनिट येते.

त्या मिनिटात "चांगलं काम करते, मेहनती आहे" एवढेच निघाले, तर तुम्ही मधल्या ढिगात जाता. "रात्रीचा बॅच जॉब सहा तासांवरून दोन तासांवर आणला, तेव्हापासून क्लायंटची सकाळची तक्रार बंद झाली" असे वाक्य निघाले, तर समोरच्याला खोडायला काहीतरी पुरावा लागतो. आणि अशा वेळी दुसऱ्या टीमचा मॅनेजर "हो हो, आमचं रिलीज अडकलं होतं तेव्हा तिनेच सोडवलं" असे बोलून गेला, की विषय बहुधा तिथेच मिटतो.

म्हणजे करायच्या गोष्टी दोन. मॅनेजरच्या हाती ठोस वाक्ये द्यायची, आणि त्या खोलीतल्या आणखी दोघातिघांना आपले नाव माहीत असेल असे बघायचे. ऑफिसच्या ज्या राजकारणाला आपण नाके मुरडतो, त्यातला मोठा भाग एवढाच असतो.

वाक्ये देण्यासाठी दर महिनाअखेरीला मॅनेजरला एक मेल पाठवा. ऑफिसात तो इंग्रजीत जाईल, गाभा असा ठेवा:

"या महिन्यात पूर्ण झालेले: पेमेंट मॉड्यूलचे अपग्रेड, ठरल्या तारखेला. परिणाम: प्रॉडक्शनमधली तिकिटे मागच्या महिन्यात अकरा, या महिन्यात तीन. अडलेले: टेस्ट डेटाची परवानगी, क्लायंटकडून येणे बाकी. पुढच्या महिन्यात: रिपोर्टिंगचे काम."

विशेषणे नकोत. आकडा हवा, तारीख हवी. हे सगळे मार्चमध्ये आठवून लिहू म्हणाल तर फसाल, कारण जूनमध्ये केलेले काम तोपर्यंत तुम्हीही विसरलेले असता, मॅनेजर तर नक्कीच. दरमहा लिहिले की सेल्फ अप्रेझल ही अर्ध्या तासाची नक्कल उरते.

नाव पोहोचवायचे तर ज्यांचे काम तुमच्यापाशी येऊन अडते त्यांच्याकडे लक्ष द्या: टेस्टिंग लीड, शेजारच्या प्रोजेक्टचा आर्किटेक्ट, क्लायंटकडचा इंजिनिअर. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर खाजगी चॅटऐवजी सगळ्यांच्या चॅनलवर द्या. गेटबाहेरच्या टपरीवर रोज साहेबांसोबत चहा घेतला की काम होते असा एक समज आहे. टपरीवर बातम्या खूप मिळतात. रेटिंग मिळालेले मी तरी पाहिले नाही.

पायरी २: मॅनेजरची मान कुठे अडकली आहे ते शोधा

मॅनेजरलाही वरून मोजतात. बिलिंग किती झाले, मार्जिन किती राहिले, क्लायंटचे एस्कलेशन (वरपर्यंत गेलेल्या तक्रारी) किती आले, किती जण सोडून गेले. त्याच्या विचित्र वागण्याचा उगम बरेचदा यातल्याच एखाद्या आकड्यात सापडतो.

दिवसातून चार वेळा "झालं का?" विचारणारा मॅनेजर घ्या. तो कधी विचारतो याची आठवडाभर नोंद करा. समजा, रोज साडेपाचला त्याची घालमेल सुरू होते. मग त्याचे कॅलेंडर बघा: साडेसहाला अमेरिकेचा कॉल असेल, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ. तिथे त्याला उत्तर द्यायचे असते आणि त्याच्याकडे ते नसते. तुम्ही पाच वाजता न विचारता चार ओळी पाठवा: काय झाले, काय राहिले, कशाने अडले, कधी होईल. दोनतीन आठवडे नेमाने पाठवले की बहुतेक जण शांत होतात. तरी फरक पडला नाही, तर वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे दोघांच्याच बैठकीत, सरळ विचारा, "माझ्या कामात नेमकं काय दिसलं की तुम्हाला निर्धास्त वाटेल?" या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही, तर अडचण तुमच्या कामात नाही हे कळते. तेही कळलेले बरे.

श्रेय लाटणाऱ्याबाबत आधी एक फरक करा. वरच्या बैठकीत मॅनेजरने "आमच्या टीमने केलं" म्हणणे हे त्याचे कामच आहे, त्यावर रुसून उपयोग नाही. तुमचे डिझाइन "मी केलं" म्हणून मांडणे ही चोरी. त्यावर भर बैठकीत "ते माझं होतं" म्हटलेत, तर तुम्हीच पोरकट ठरता. त्याऐवजी काम नावासकट वर जाईल अशी सोय करा. डिझाइनच्या दस्तऐवजावर लेखक म्हणून तुमचे नाव असू द्या, आणि तो बैठकीच्या आधीच सगळ्यांना पाठवा. डेमो मागून घ्या: "या भागाचा डेमो मी देते, प्रश्न आले तर जागेवर उत्तर देता येईल." यात तक्रार कुठेच नाही, त्यामुळे नाही म्हणणे त्याला जड जाते.

तोंडी एक सांगून नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणणाऱ्यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे. बोलणे झाले की तासाभरात मेल: "आत्ता ठरल्याप्रमाणे रिपोर्टिंगचे काम पुढे ढकलून आधी लॉगिनचा दोष बघते. त्यामुळे रिपोर्टिंग २० तारखेऐवजी २७ ला होईल. वेगळे काही असेल तर कळवा." सूर मदतीचाच ठेवा. आणि त्यात साहेबांच्या साहेबांना सीसी करू नका. तसे करणे म्हणजे वाड्यातल्या भांडणात पोलीस बोलावणे: नंतर जिन्यात रोज तोंड त्याच शेजाऱ्याचे बघायचे असते.

ओरडणाऱ्यापुढे त्याच आवाजात बोलू नका. "यावर आपण दोघं वेगळं बोलू" म्हणून थांबा, आणि त्याच दिवशी टिपण करा. प्रकार लैंगिक छळाचा असेल तर मात्र समजूतदारपणाचा प्रश्नच येत नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असावीच लागते. घटनेपासून तीन महिन्यांत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. त्यासाठी मॅनेजरची परवानगी लागत नाही.

पायरी ३: नोंद ठेवा, पण कंपनीचा डेटा घरी नेऊ नका

चांगले शहाणे लोक इथे घसरतात. पुरावा हवा म्हणून ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवतात. डेटा बाहेर जातोय हे पकडणारे सॉफ्टवेअर आता बऱ्याच कंपन्यांत असते. मग मॅनेजरचे वागणे बाजूला राहते आणि चौकशी तुमची सुरू होते.

घरच्या वहीत लिहा: तारीख, वेळ, कोण हजर होते, कोण काय बोलले. शक्यतो त्याच दिवशी, शेरेबाजी न करता. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रे आणि फॉर्म १६ मात्र तुमचेच कागद आहेत. ते वेळच्या वेळी उतरवून घ्या, कारण ज्या दिवशी लागतील त्या दिवशी लॅपटॉप हातात असेलच असे नाही.

टीम्सवर कुणाबद्दल कुचकट लिहू नका. ते चॅट कंपनीचे आहे.

गटबाजीबद्दल थोडेच सांगते. गट भाषेचे असतात, कॉलेजचे असतात, आधीच्या कंपनीतून एकत्र आलेल्यांचे असतात. आपल्या मराठी मंडळींचाही असतो आणि तोही तितकाच दुसऱ्याला बाहेर ठेवतो. जेवायला कुणाबरोबरही बसा. दुसऱ्याच्या मॅनेजरची निंदा सुरू झाली की ताट उचला.

पायरी ४: वर जायचे असेल तर एक मागणी घेऊन जा

आधी मॅनेजरशी बोलून झालेले असले पाहिजे. मग त्याच्या वरिष्ठाकडे जा, पण गाऱ्हाण्यांची यादी नेऊ नका. स्वभावाबद्दल चकार शब्द नको, कामावर झालेला परिणाम सांगा: "तीन महिन्यांत प्राधान्यक्रम पाच वेळा बदलला, त्यात दोन रिलीज हुकले." आणि मागणी एकच करा, शक्यतो त्यांना सहज देता येईल अशी. दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली ही मला सगळ्यांत व्यवहारी मागणी वाटते. मॅनेजर बदलण्यासाठी दरवेळी कंपनी बदलावी लागत नाही.

एचआरचे लोक वाईट नसतात, पण ते कंपनीचे वकील आहेत हे धरून चाला. त्यांच्याशी तोंडी झालेल्या गोष्टीचाही लेखी सारांश पाठवा.

पायरी ५: पीआयपी आला, किंवा "आत्ताच राजीनामा द्या" म्हणाले तर

सुधारणा योजना, म्हणजे पीआयपी, साधारण तीस ते नव्वद दिवसांची असते. कधी ती प्रामाणिक असते, तर कधी नुसती कागदपत्रांची पूर्तता. पहिल्याच दिवशी ओळखण्याची खूण म्हणजे उद्दिष्टे मोजता येण्यासारखी आहेत का. "मालकीभावनेने काम करावे" हे उद्दिष्ट कुणालाच सिद्ध करता येत नाही. लेखी विचारा की यशस्वी झाले हे कशावरून ठरेल, आणि दर आठवड्याचा आढावा मेलवर घ्या. सही मागितली तर "मिळाल्याची पोच, मजकुराशी सहमती नाही" असे लिहून करा. त्याच संध्याकाळी नोकरी शोधायलाही लागा.

दुसरा प्रकार जास्त अंगावर येतो. अचानक बोलावणे येते. एचआर आणि मॅनेजर समोर, टेबलावर लॅपटॉप, आणि "तासाभरात राजीनामा टाका, नाहीतर टर्मिनेशन करू, मग पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला अडचण येईल." या खोलीत काहीही टाइप करू नका. "मला घरी बोलावं लागेल, उद्या लेखी कळवते" एवढे म्हणून उठा. त्यांना राजीनामा हवा असतो, कारण काढून टाकण्यापेक्षा तो त्यांना सोपा पडतो. म्हणजेच तुमच्या हातात देण्यासारखे काहीतरी आहे. बदल्यात नोटीस काळाचा पूर्ण पगार, रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळे केल्याचे पत्र) आणि फुल अँड फायनलची, म्हणजे शेवटच्या हिशोबाची, तारीख मागा, आणि हे सगळे मेलवर आल्याखेरीज राजीनामा पाठवू नका. रक्कम मोठी असेल तर कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाची फी वसूल होते.

पायरी ६: निघायचे ठरले तर हिशोबाने निघा

एक अप्रेझल चक्र वरचे सगळे मनापासून करून पाहिले आणि काहीच हलले नाही, तर तिथे थांबू नये असे माझे मत आहे. कसबाला गंज चढतो, आणि मुलाखतीत तो समोरच्याला दिसतो.

तारीख ठरवताना ग्रॅच्युइटी बघा. कायम नोकरीत पाच वर्षे लागतात. चार वर्षे दहा महिने झाले असतील तर दोन महिने दात-ओठ खात काढा. पाचव्या वर्षी २४० दिवस भरले तरी चालते असा उच्च न्यायालयाचा निर्णय आहे, पण सगळ्या कंपन्या तो मानतातच असे नाही.

नव्वद दिवसांचा नोटीस काळ आयटीत सर्रास असतो. बायआउटची, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून आधी सुटण्याची, सोय आहे का, ते ऑफर लेटरमध्ये वाचा. कंपनी बळजबरीने काम करून घेऊ शकत नाही, पण रिलीव्हिंग लेटर अडवून छळू शकते, म्हणून मधूनच पळ काढू नका. "वर्षभर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही" या कलमाला मात्र घाबरू नका. नोकरी सुटल्यानंतर लागू होणारे असे बंधन करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या, कलम २७ पुढे टिकत नाही. बाँडची गोष्ट वेगळी आहे. किमान तीन वर्षे नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये, ही एका सरकारी बँकेची अट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध धरली. तेव्हा बाँडवर सही केली असेल तर आकडा हिशोबात धरा.

एक्झिट इंटरव्ह्यूत मन मोकळे करण्याचा मोह टाळा. "चांगली संधी मिळाली" पुरेसे आहे. काम नीट लिहून दुसऱ्याच्या हाती द्या आणि टीममधल्या दोघांचे खाजगी नंबर घेऊन ठेवा. पुढे संदर्भासाठी मॅनेजरपेक्षा तेच उपयोगी पडतात.

आणि निघाल्यावर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) पोर्टलवर यूएएन (पीएफचा तुमचा क्रमांक) टाकून आपली नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली आहे का ते बघा. जुन्या कंपनीने ती भरली नसेल तर आधार जोडलेले असताना ती स्वतःलाच भरता येते, त्यासाठी त्या मॅनेजरला फोन करावा लागत नाही.