फोटो छापायला देण्याआधी स्वतः कापा

मोबाइलच्या फोटोच्या लांब आणि आखूड बाजूंचं प्रमाण बहुतेक वेळा ४:३ असतं, आणि ४ बाय ६ इंचांच्या प्रिंटचं ३:२. हा फरक लॅबमधलं मशीन परस्पर कापून टाकतं. आडव्या फोटोत उंचीचा नववा भाग जातो. पर्वतीच्या पायऱ्यांवर सगळं घर उभं करून काढलेल्या फोटोत मागच्या रांगेतल्या काकांचं डोकं नेमकं त्यातच सापडतं!

त्यापेक्षा गिम्प हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या. क्रॉप (फोटो कापायचं) टूल निवडा, पर्यायांत ‘फिक्स्ड’वर टिक करून ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ (बाजूंचं प्रमाण) ३:२ द्या (उभ्या फोटोला २:३) आणि काय जाऊ द्यायचं ते तुम्हीच ठरवा. चौकट हलवली तरी प्रमाण बदलत नाही. ३०० पीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. जास्त असतील तर असू द्या.

‘सेव्ह’ केलंत तर गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल होते, ती लॅबवाला बहुधा उघडणार नाही. ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’ने जेपीईजी काढा, क्वालिटी ९०च्या वर. आणि लक्ष्मी रस्त्यावर प्रिंट काढायला जाताना फाइल पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर फोटो दाबून लहान होतो.