हिवाळ्याचा बोर्ड करताय? आपल्या नाशिकच्या थंडीपासून सुरुवात करा

डिसेंबर लागला की वर्गावर्गात तेच दिसायला लागतं, कापसाचा बर्फ, लाल टोपीतला सांता, मफलर घातलेला बर्फाचा माणूस. सांता हवाच, मुलांना आवडतो आणि नाताळ आपल्याकडेही असतो, पण बर्फ वर्गातल्या बहुतेक मुलांनी कधी बघितलेलाच नसतो. थंडी मात्र त्यांना पक्की माहितीये, सकाळच्या शाळेला येताना रिक्षात कान गार पडतात, निफाड-पिंपळगावकडच्या मुलांना द्राक्षबागांवर धुकं दिसतं, आणि पेपरात निफाडचा पारा किती उतरला ते रोज येतं. मग तीच थंडी बोर्डावर आणा ना. बोर्ड बघून मुलाने म्हटलं पाहिजे, अरे हे तर आपल्याकडचं आहे!

माझा सल्ला, एकच बोर्ड नाताळच्या सुट्टीआधी लावा आणि संक्रांतीपर्यंत चालवा, फक्त मधले तुकडे बदला. दोनदा सगळा बोर्ड करायची ताकद कोणाकडेच नसते.

आधी माप घ्या. चार्ट पेपर २२ बाय २८ इंचाचा येतो, त्यामुळे ६ बाय ४ फुटाच्या सॉफ्टबोर्डला उभे लावले तर ८ कागद लागतात आणि ४ बाय ३ च्या बोर्डाला आडवे ४ पुरतात, कडा एकमेकांवर थोड्या चढवायच्या. रंग काळा घ्या, सगळे निळा घेतात, पण काळ्यावर पांढरं, पिवळं, हिरवं जे लावाल ते उठून दिसतं आणि पुढे संक्रांतीला तोच काळा कामाला येतो. घोटीव कागद टाळा, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि मागच्या बाकावरून काही दिसत नाही. त्यापेक्षा काळं सुती कापड मिळालं तर उत्तमच, पिनांची भोकं दिसत नाहीत आणि पुढच्या वर्षीही चालतं. कापड लावताना वरच्या कडेच्या मध्यापासून कोपऱ्याकडे पिना मारत जा, नाहीतर झोळ पडतो. थर्माकोल नको, महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे.

आता अक्षरं, इथेच बहुतेक बोर्ड बिघडतात. मराठी अक्षरं एकेक कापून ओळीत लावली की वरखाली होतात. अक्षरं शिरोरेषेशिवाय कापा, ३-४ इंच उंचीची, बोर्डाच्या दोन टोकांना पिना मारून सुतळी ताणा, सुतळीखाली अक्षरं टेकवत चिकटवा आणि मग सुतळी काढून तिथे कागदाची एकच लांब पट्टी लावा, झाली शिरोरेषा. पण वेलांटी आणि मात्रेला वर जागा आधीच सोडा आणि उकाराला खाली, "हिवाळा" लिहिताना ह च्या वेलांटीचा कमानीचा भाग बॉर्डरमध्ये घुसला की सगळी मेहनत वाया जाते. बॉर्डरला लोकरीची तिपेडी वेणी लावा, घराघरात स्वेटरची उरलेली लोकर असते आणि वेणी पाचवीच्या मुलांनाही घालता येते.

डावीकडे द्राक्षांचा घड. स्टॅम्प पॅडची हिरवी आणि जांभळी शाई घ्या, प्रत्येक मुलाच्या अंगठ्याचा ठसा म्हणजे एक मणी, हिरवे थॉमसन जातीचे, जांभळे शरद सीडलेस जातीचे, आणि पानांवर मुलांची नावं. पांढऱ्या कार्डशीटवर ठसे घ्यायचे आणि नंतर घडाच्या आकारात कापून काळ्यावर लावायचं, थेट काळ्यावर शाई दिसत नाही. स्वतःचा मणी कुठला हे शोधायला मुलं जी गर्दी करतात ती बघण्यासारखी असते!

मध्यभागी तापमानाचा आलेख, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर ४ ते २० अंश, एक रेघ नाशिकची, एक निफाडची, आकडे रोज पेपरातून घ्यायचे. सुट्टीतले आकडे मुलांनी घरी वहीत लिहायचे आणि शाळा उघडली की भरायचे, म्हणजे सुट्टीतही बोर्ड चालू राहतो. पारा एकदम खाली गेला की विचारा, आता बागेत काय करतात? शेतकऱ्यांची मुलं लगेच सांगतात की मण्यांना तडे जातात म्हणून पहाटे शेकोट्या पेटवतात, धूर करतात. ती उत्तरं चिठ्ठ्यांवर लिहून आलेखाच्या त्या बिंदूशेजारी पिन करा.

खाली एक पट्टी दिवसाच्या लांबीची. २२ डिसेंबरच्या आसपास आपल्याकडे दिवस साधारण ११ तासांचा असतो, जूनमध्ये १३ तासांहून जास्त. १ इंच म्हणजे १ तास असं धरून पिवळी पट्टी कापा आणि आठवड्याला एक नवी लावा. फरक मिनिटांचा असतो म्हणून आठवड्या-आठवड्याला डोळ्यांना काही दिसणार नाही, त्यामुळे शेजारी सूर्योदय-सूर्यास्ताची वेळही लिहा. मग मोठी मुलं एक गंमत पकडतात, दिवस वाढायला लागला तरी जानेवारीत सूर्य उशिराच उगवतो, वाढ संध्याकाळच्या बाजूला होते. विज्ञानाचा तास इथेच होऊन जातो.

उजवीकडे पाहुणे पक्षी, नांदूर मध्यमेश्वरचे. आपल्याच निफाड तालुक्यातली ही महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ, आणि हिवाळ्यात तिथे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या असे पक्षी लांबून येतात. थापट्याची चोच फावड्यासारखी पसरट असते, ती नीट काढायला लावा, नाहीतर सगळीच बदकं एकसारखी होतात.

वरच्या कोपऱ्यात नाताळची चांदणी, दिवाळीच्या कंदिलाचा उरलेला कागद वापरा. ख्रिस्ती मुलं वर्गात असतील तर गव्हाणी त्यांनाच करू द्या, घरी कशी मांडतात ते तेच नीट सांगतील. शेजारी एक छोटी जागा बदलत्या दिवसांची ठेवा, २२ डिसेंबर गणित दिन, २४ ला साने गुरुजींची जयंती, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची. एका कार्डावर एक ओळ बस, इथे फार सजवायची गरज नाही.

शाळा उघडली की चांदणी काढा आणि हलव्याचे दागिने लावा. खरा हलवा किंवा साबुदाणा लावू नका, मुंग्या लागतात आणि वर्गभर होतात. पंचिंग मशीनमध्ये जमलेल्या पांढऱ्या गोल टिकल्या फेव्हिकॉलने चिकटवा, काळ्यावर हार, बाजूबंद, मुकुट हुबेहूब दिसतो. काळं का घालतात तेही लिहा, काळा रंग उष्णता शोषतो. भोगीच्या भाजीसाठी गाजर, वांगं, पावटा, हरभऱ्याचे घाटे मुलांनी काढून कढईच्या आकारात लावायचे, खाली तीळ लावलेली बाजरीची भाकरी. आणि पतंग तर हवेतच, येवल्यात भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस पतंग चालतात, तिथलं कोणी वर्गात असेल तर आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायचं तिथलं साधन, आणायला सांगा, फिरकी आणि आसारीतला फरक मुलांना हातात घेऊनच कळतो. पतंग वर्तमानपत्राचे, शेपटी सुतळीची, आणि एका पतंगावर नायलॉन मांजाबद्दल मुलांच्या शब्दांत, त्याने पक्षी कापले जातात म्हणून तो घ्यायचा नाही. उजवीकडचे पक्षी काढू नका, पतंग त्यांच्या शेजारी आला की वेगळं काही समजवावं लागत नाही.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं तसा हा बोर्डही चालू शकतो, फक्त २६ जानेवारीसाठी वरची पट्टी मोकळी करून ठेवा. उतरवताना शिरोरेषेची पट्टी गुंडाळून आणि अक्षरं पाकिटात भरून वर नाव लिहा, ठसे आणि चित्रं ज्याची त्याला घरी द्या, आणि आलेख मात्र कपाटात जपा, पुढच्या डिसेंबरला नव्या रेघेखाली जुनी रेघ फिक्या रंगात काढता येते.