ट्रकला सेंट्रीफ्यूगल फिल्टर बसवायचाय? आधी परतीचा पाईप बघा

सेंट्रीफ्यूगल फिल्टर, म्हणजे ऑइल गरगर फिरवून त्यातला कचरा वेगळा काढणारा जादाचा फिल्टर. त्याचं खोकं काखेत घेऊन गाडीमालक कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गॅरेजला येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "मिस्त्री, प्रेशर कुठनं घ्यायचं?" मी उलट विचारतो, "ऑइल परत कुठं सोडायचं ठरवलंय?" मग खोकं उघडून कागद शोधायला सुरुवात होते. प्रेशर घ्यायला इंजिनावर दोन-चार जागा सहज सापडतात. परतीची जागा मात्र शोधून काढावी लागते. ती चुकली की फिल्टर गाडीवर नुसता लटकत राहतो आणि मालकाला वाटतं, आपलं इंजिन आता सुरक्षित.

हे सगळं मी एकाच इंजिनाला धरून सांगतोय. कमिन्स ६बीटी, ५.९ लिटरचं, टाटाच्या जुन्या ट्रक-टिपरमध्ये असणारं, मेकॅनिकल डिझेल पंपाचं मॉडेल. राधानगरीकडनं बॉक्साइट भरून बेळगावकडं जाणाऱ्या गाड्यांत आमच्याकडं हीच इंजिनं जास्त येतात. लाल धूळ, घाट आणि भरण्याच्या रांगेत चालू इंजिनावर उभं राहणं, या तिन्हींनी ऑइलची वाट लागते. लेलंड किंवा दुसरं इंजिन असेल तर तत्त्व हेच, फक्त जागा बदलतील.

इंजिनाच्या नेहमीच्या कागदी फिल्टरमधून सगळं ऑइल जातं. त्यामुळं त्याची जाळी फार बारीक करून चालत नाही, नाहीतर बेअरिंगला ऑइल पोचायला उशीर होईल. साधारण २० ते ४० मायक्रॉनच्या वरचा कचरा तो अडवतो. डिझेलच्या काजळीचा एकटा कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. ही काजळी कागदातून आरपार जाते, पुढं एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि मग कॅम, रॉकर, लायनर घासायला लागतात. सेंट्रीफ्यूगल फिल्टर पंपाच्या ऑइलमधला थोडा वाटा, दहा टक्क्यांच्या आत, बाजूला घेतो. ते ऑइल पोकळ दांड्यातून रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या भांड्यात, चढतं आणि तळाशी असलेल्या दोन तिरक्या नोझलमधनं जोरात बाहेर पडतं. त्या धक्क्यानंच रोटर फिरतो. वेगळी मोटर नाही, बेल्ट नाही. मिनिटाला ६,००० फेऱ्या धरल्या आणि रोटरची त्रिज्या ५ सेंटिमीटर, तर कडेला वजनाच्या जवळपास २,००० पट ओढ तयार होते. ऑइलपेक्षा जड ते सगळं, म्हणजे लोखंड, धूळ, काजळी, भिंतीला जाऊन चिकटतं.

दूध डेअरीतलं मलई काढायचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालनं ते १८७८ साली तयार केलं. आणि स्प्लेंडरचं क्लच कव्हर उघडलेल्या कुठल्याही मिस्त्रीनं क्रँकच्या टोकाचा फिरता फिल्टर पाहिलेला असतो. म्हणजे ही काही परदेशी जादू नाही. स्कॅनियाच्या इंजिनांवर तर तो कंपनीतूनच येतो. तुमच्या गाडीवरही आधीपासून आहे का, ते बघूनच नवा विकत घ्या. काही गाड्यांवर तो असतो आणि वर्षानुवर्षं कुणी उघडलेलाच नसतो.

त्याला जमत नाही तेही ऐका. ऑइलमध्ये मिसळलेलं डिझेल तो काढत नाही. संपलेली ॲडिटिव्ह परत भरत नाही. हेड गॅस्केटमधून कूलंट येत असेल तर त्याचा इलाज तो नव्हे. "आता ऑइल बदलायचं अंतर दुप्पट करतो" असं कुणी म्हणालं की मी आधी लॅबचा रिपोर्ट मागतो. ऑइलचा नमुना तपासून लोखंड, काजळी, डिझेलचं प्रमाण आणि टीबीएन (ऑइलमध्ये आम्ल मारायची ताकद किती उरली, तो आकडा) कळतं. तो आकडा बघून अंतर वाढवा, विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवून नको. गाडी वॉरंटीत असेल, किंवा बीएस-६ ची नवी असेल, तर कंपनीचं लेखी उत्तर मिळेपर्यंत इंजिनाला हात लावू नका. आणि जे इंजिन आधीच हाफ इंजिनाच्या (रिंगा, बेअरिंग बदलायच्या) कामाला आलंय, त्याला हा फिल्टर लावणं म्हणजे पैसे वाया. लायनर झिजला तो झिजला.

म्हणून पाना उचलायच्या आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, ऑइल प्रेशर. डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका, मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वाचा. ६बीटीला आयडलवर किमान १० पीएसआय आणि पूर्ण फेऱ्यांवर किमान ३० पीएसआय लागतं. तुमचा आकडा या काठावरच असेल तर थांबा. दुसरी, ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या कडेनं इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरणारा गॅस. ऑइल भरायचं झाकण काढून बघा, ब्रेथरच्या (हा गॅस बाहेर सोडणाऱ्या) पाईपला हात लावून बघा. वाफ जोरात मारत असेल तर चेंबरमधला हाच दाब उद्या फिल्टरच्या परतीच्या पाईपमधून उलटा वर चढेल आणि ऑइल खाली उतरूच देणार नाही. ब्रेथर तुंबलेला असेल तर तो साफ करून परत बघा. बऱ्याचदा तेवढ्यानंही फरक पडतो.

फिल्टर घेताना इंजिनाच्या मापाचा घ्या. मोठा घेतला तर जास्त साफ करेल असं नसतं, तो जास्त ऑइल पळवतो आणि तेवढं बेअरिंगला कमी जातं. मिनिटाला ५ लिटर घेणारा फिल्टर १५ लिटरच्या चेंबरचं ऑइल हिशेबानं तासाला २० वेळा फिरवतो, याहून काय पाहिजे? त्यात कट-ऑफ व्हॉल्व्ह आहे ना, ते विचारूनच घ्या. प्रेशर ठरावीक आकड्याच्या खाली आलं, बहुतेकांत दीड ते दोन बार (साधारण २२ ते २९ पीएसआय), की हा व्हॉल्व्ह फिल्टरची वाट बंद करतो. याचा एक अर्थ मालकांच्या लक्षात येत नाही: गरम इंजिन आयडलवर असताना फिल्टर बहुधा बंदच असतो. साफसफाई होते ती गाडी रस्त्यावर पळताना. रांगेत तासभर चालू ठेवलेलं इंजिन काजळी तयार करतं आणि फिल्टर तेव्हा झोपलेला असतो. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, ते फुकटात होतं.

आता परतीचा पाईप. रोटरमधून बाहेर पडलेल्या ऑइलला कसलंही प्रेशर उरत नाही, ते फक्त उतारानं खाली जातं. त्यातच हवा मिसळून फेस झालेला असतो, म्हणून पाईप आतून किमान २५ मिलिमीटरचा लागतो, त्याहून मोठा असेल तर उत्तम. वाटेत कुठं पोट नको, चढ नको, तीव्र वळण नको. आणि तो चेंबरमध्ये शिरतो ती जागा ऑइलच्या पातळीच्या वर पाहिजे. पाईपचं तोंड ऑइलात बुडालं की फिल्टरच्या घरात, म्हणजे बाहेरच्या डब्यात, ऑइल साचतं, रोटर त्यात बुडतो आणि फिरायचा थांबतो. वरनं बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

ट्रकमध्ये खरी अडचण अशी की फिल्टर लावायला सगळ्यांना चॅसिसची पट्टी दिसते. ती मजबूत आहे, भोकं पाडलेली आहेत, हाताला येते. पण तिची उंची चेंबरच्या जवळपासच असते, उतार मिळणार कुठनं? म्हणून मी दोरी घेतो. फिल्टरचं खालचं तोंड जिथं येणार तिथं दोरीचं एक टोक धरायचं, दुसरं चेंबरच्या जागेवर, आणि उतार डोळ्यांनी बघायचा. पट्टीवरच लावायचा असेल तर वर उचलणारा ब्रॅकेट करून घ्या. आम्ही ८ मिलिमीटरच्या पट्टीचा करून घेतो, पाठीला आडवी गसेट (आधाराची तिकोनी पट्टी) मारून. पातळ पत्र्याचा केला तर थरथरीनं वेल्डिंगपाशी तडा जातो. फिल्टर उभाच पाहिजे, आडवा किंवा कललेला नाही. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब. तापलेल्या टर्बोवर ऑइलचा फवारा उडाला तर गाडी पेटते. आणि वर रोटर उचलून काढायला मोकळी जागा सोडा. ती नसली की पुढं कुणी फिल्टर उघडतच नाही.

चेंबरला जागा करताना घाट डोळ्यापुढं ठेवा. करूळ घाटाचा चढ लागला की ऑइल मागं सरकतं, उतारावर पुढं. त्यामुळं परतीचं तोंड चेंबरच्या लांबीच्या मधोमध आणि जमेल तितकं वर. चेंबर खाली उतरवूनच वेल्डिंग करायचं, गाडीवर असताना कधीच नाही. आत ऑइलची वाफ असते आणि वेल्डिंगचे मणी सरळ पंपाच्या जाळीत जातात. टर्नरकडून जाड बॉस (पाईप बसवायची आट्यांची कडी) करून घ्या, आतून-बाहेरून वेल्ड करा, रॉकेल भरून रात्रभर ठेवा, सकाळी बाहेरून ओलं नसेल तर धुऊन बसवा. चेंबरला हात लावायचा नसेल तर बाजूच्या टॅपेट कव्हरला बॉस लावता येतो, पण मग फिल्टर त्याहून वर न्यावा लागतो. सगळ्या गाड्यांत तेवढी जागा निघत नाही.

परतीला रेडिएटरचा पाईप वापरू नका. तो बहुतेक ईपीडीएम रबराचा असतो, ऑइल लागलं की फुगून लोळागोळा होतो. नायट्राइल रबराचा, ऑइलसाठीचाच पाईप घ्या. इंजिन हलतं आणि चॅसिस हलत नाही, म्हणून मध्ये थोडा सैलपणा ठेवा, पण पोट पडेल इतका नको.

प्रेशरचं काम त्यामानानं सरळ. फिल्टर हेडवर किंवा मेन गॅलरीवर (इंजिनाच्या मुख्य ऑइल वाटेवर) प्लग असतात, त्यातला मोठा निवडा. ऑइल प्रेशर स्विचचं बारीक भोक पुरत नाही. टर्बोच्या ऑइल पाईपला टी मारून प्रेशर घेणारे महाभाग आहेत. तसं करणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. आटे मात्र नीट तपासा. आपल्या बाजारात बीएसपी (ब्रिटिश मापाच्या आट्यांचं) फिटिंग ढिगानं मिळतं आणि कमिन्सवर बऱ्याच ठिकाणी एनपीटी (अमेरिकन मापाचं) असतं. पाव इंचाला बीएसपीचे इंचात १९ आटे, एनपीटीचे १८. हातानं दोन-तीन फेरे बसतात, मग पान्यानं जोर लावला की हेडला तडा. आटे मोजायची पट्टी लावा, चार पैशांची येते. टेफ्लॉन टेप वापरायची नाही. तिचा तुकडा सुटून नोझलमध्ये अडकला की रोटर थांबला. पातळ थ्रेड सीलंट लावा. हौज पाईप स्टीलच्या जाळीचा घ्या, आणि प्रेशरबरोबर तापमानही वाचा: साधे हायड्रॉलिक पाईप १०० अंशांपर्यंतचेच असतात, घाटात ऑइल त्याच्यावर जातं.

सगळं जोडल्यावर ऑइल आणि कागदी फिल्टर दोन्ही नवे टाका. हा बाजूचा (बायपास) फिल्टर लागला म्हणून कागदी फिल्टर काढायचा नसतो. इंजिन चालू करून आयडलवर गळती बघा, मग गरम करा, फेऱ्या वाढवा आणि गेज वाचा. आधी लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा किंचित खाली आलं तर ठीक. किमान आकड्याला टेकलं तर फिल्टरची लाईन बंद करून कारण शोधा. बंद केल्यावर थांबा, ऑइल खाली उतरू द्या, डिपस्टिक बघून कमी तेवढं भरा.

रोटर फिरतोय का, हे बघायची माझी रीत अशी. गरम इंजिन फेऱ्यांवर थोडा वेळ चालवायचं आणि बंद करायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक फिल्टरच्या घरावर, मूठ कानाला. इंजिन थांबल्यावरही आतून बारीक गूं आवाज येत राहतो आणि हळूहळू उतरत जातो. आवाज इंजिनाबरोबरच तुटला तर रोटर फिरत नव्हता: नोझल तुंबलं, परतीचं ऑइल साचलं किंवा बुश अडकला. मी सगळ्यात आधी परतीचा पाईप सोडवून बघतो, कारण बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

साफ करायला इंजिन बंद करून निदान दहा मिनिटं थांबा. झाकण काढा, रोटर सरळ वर उचला, दांड्याला वाकवू नका. आतल्या भिंतीला काळा, घट्ट, रबरासारखा लपका बसलेला असतो. बोटांत चोळला तर बुळबुळीत लागतो, आणि उन्हात धरला तर मधूनच धातूचा कण चमकतो. कागदी अस्तर असेल तर तो अस्तरासकट सोलून निघतो. अस्तर नसेल तर लाकडाच्या पट्टीनं खरवडा, स्क्रूड्रायव्हरनं ओरखडे पाडू नका. नोझलमधून तांब्याची बारीक तार घाला आणि डिझेलनं धुवा. रोटरच्या वरच्या आणि खालच्या भागावर खुणा असतात, त्या जुळवूनच बंद करा. नाहीतर तोल बिघडून बुश खातो. ओ-रिंग दर वेळी नवी. नट कंपनीनं दिलेल्या टॉर्कनंच, जोर दाखवायचा नाही.

पहिली सफाई लवकर करा, पुढच्या ऑइल बदलायची वाट बघू नका. जुन्या इंजिनातनं सुरुवातीला ढीग निघतो. लपका किती जाड झाल्यावर काढायचा ते फिल्टरच्या कागदावर असतं, आणि तो तिथपर्यंत पोचायच्या आत उघडायचं. प्रत्येक वेळी लपक्याचं वजन आणि किलोमीटर वहीत लिहा. तेवढ्याच किलोमीटरला एकदम दुप्पट निघाला तर एअर फिल्टरचा पाईप फाटलाय का, इंजेक्टर टपकतोय का, ते बघायला घ्या. काहीच निघालं नाही तर खूश होऊ नका, स्क्रूड्रायव्हर कानाला लावा.

निघालेला लपका आणि काळं ऑइल गटारात किंवा बांधावर नको. बंद डब्यात ठेवा आणि परवाना असलेल्या रीसायकलवाल्याला द्या. पाच-सहा गाड्या असतील तर तो दारात येऊन नेतो.