वायांगसाठी पाच आठवडे जावाला: अनुदानाच्या अर्जाआधीची तयारी

अनुदान लहान असतं, तेव्हा प्रश्नही लहानच हवा. ‘आशियातील छायाबाहुल्यांची परंपरा’ हा विषय पाच आठवड्यांत कुणालाच पेलत नाही आणि निवड समितीला ते शीर्षकातच कळतं. त्यापेक्षा पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्या आणि इंडोनेशियातल्या जावा बेटाचा वायांग कुलित, म्हणजे चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळ, यांतला एकच प्रसंग धरा. समजा, लंकादहन: आग पडद्यावर कशी दाखवतात, बाहुली बदलून की दिवा हलवून? कुडाळजवळचं पिंगुळी आधी करून या आणि तिथल्या टिपणांची दोन पानं अर्जाला जोडा. कोऱ्या पाटीवरचा अर्ज मागे पडतो.

तारखा ठरवताना विमानाच्या तिकिटाआधी जावाची दिनदर्शिका उघडा. रमजानमध्ये खेळ फार कमी होतात आणि हा महिना दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. सुरो महिन्यात, म्हणजे मोहरममध्ये, जावाची माणसं लग्नं टाळतात; लग्नाचे खेळ मिळत नाहीत, पण विधींचे मिळतात. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे, अंगणातल्या खेळांना वाईट.

परवानगीला सर्वांत जास्त वेळ द्या. पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस. विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो, शिवाय तो संशोधनासाठी नाहीच. परदेशी संशोधकाला ब्रिन या राष्ट्रीय संशोधन संस्थेची परवानगी, नैतिक मान्यता आणि स्थानिक सहयोगी संस्था लागते. योग्यकर्ता आणि सुराकार्ता इथल्या कला संस्थांमध्ये वायांगचे स्वतंत्र विभाग आहेत. सहकार्याचं पत्र तिथूनच मागावं. ‘सहकार्य करू’ एवढ्यावर भागत नाही. पत्रात तारखा, मार्गदर्शकाचं नाव, काय उपलब्ध करून देणार, सही आणि शिक्का हवा. हे सगळं निदान सहा महिने आधी सुरू करा.

अंदाजपत्रकात ‘किरकोळ खर्च’ अशी मोठी रक्कम लिहिली की कात्री तिथेच लागते. प्रवास, राहणं, दलांगचं (बाहुल्या नाचवणाऱ्या सूत्रधाराचं) मानधन, दुभाषा, चित्रीकरणाची साठवणूक असं वेगवेगळं मांडा. दुभाष्याच्या बाबतीत हमखास चूक होते: इंडोनेशियन जाणणारा माणूस ठरवला जातो, पण दलांग बोलतो जावानीज, मध्येमध्ये ‘कवी’ नावाची जुनी जावानीज साहित्यभाषाही येते. खेळ समजणारा जावानीज माणूस शोधा, महाग पडला तरी चालेल. मंजुरीपूर्वी काढलेलं तिकीट बहुधा भरून मिळत नाही, आणि शेवटचा हप्ता अनेकदा अहवालानंतरच येतो. तेवढे पैसे हाताशी ठेवा.

पावत्यांचं काय? गावातला दलांग छापील बिल देत नाही. स्टेशनरीच्या दुकानात ‘क्विटान्सी’ म्हणून पावतीपुस्तक मिळतं, ते घ्या, सही तिथल्या तिथे घ्या. ५० लाख रुपियांच्या वरच्या रकमेवर १०,००० रुपियांचा ‘मतेराइ’ मुद्रांक लागतो. (आकडा पाहून दचकू नका, रुपिया आपला रुपया नव्हे.)

चित्रीकरणाचं गणित आधीच घाला. खेळ रात्री नवाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. २५ मेगाबिट वेगाने तासाला साधारण ११ जीबी, म्हणजे आठ तासांना ९० जीबी; एक टीबीच्या दोन डिस्क घ्या, दोन्हींवर सारखीच प्रत ठेवा आणि त्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर दिव्यासमोरून बाहुली सरकली की पडदा कधी पांढराफट्ट, कधी काळाठिक्कर. ध्वनीची पातळी गामेलानच्या, म्हणजे साथीच्या वाद्यवृंदाच्या, सर्वांत मोठ्या आवाजाच्या क्षणी ठरवा, शांत सुरुवातीला नव्हे.

संमती तीन वेगवेगळ्या प्रश्नांनी घ्या: अभ्यासासाठी, प्रदर्शनासाठी, इंटरनेटवर टाकण्यासाठी. तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. दलांगला द्यायच्या प्रतीचा पेन ड्राइव्हही खर्चात धरा. तो परतण्याआधी हातात द्या, कारण मायदेशी आल्यावर तो पाठवायचा राहून जातो.