डिसेंबरातली अमेरिकेची सरकारी शाळा: खान्देशातून नव्याने आलेल्या आई-बापांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून इकडे अमेरिकेत येणारी बरीच कुटुंबं उन्हाळ्यात येऊन पोचतात. मुलाचं नाव सरकारी शाळेत घालणं, लसींचे दाखले, भाडेकरार, बसचा थांबा या धावपळीत दोन-तीन महिने कसे जातात कळत नाही. नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली की मात्र दप्तरातून रोज एक नवा कागद निघायला लागतो. कॉन्सर्टचा, वर्गातल्या पार्टीचा, खेळणी गोळा करण्याचा, पायजमा घालून येण्याचा. आणि मग मला फोन येतात. "ताई, हे सगळं त्यांच्या धर्माचं आहे का? पोराला पाठवायचं का घरी ठेवायचं?"

पाठवा. आणि तुम्हीही जा. एरवी इथली शाळा आई-बापांना फारशी आत येऊ देत नाही. सकाळी मुलाला बसमध्ये चढवायचं, दुपारी उतरवून घ्यायचं, एवढाच संबंध. डिसेंबरात मात्र दारं उघडतात. मुलाच्या बाकाशेजारी बसणाऱ्या पोराची आई, संगीताच्या बाई, मुख्याध्यापक, सगळे एका संध्याकाळी भेटतात. पहिल्या डिसेंबरात जे संकोचून घरी बसले, त्यांना जून उजाडला तरी शाळेत कुणी नावाने ओळखत नव्हतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

धर्माचं म्हणाल, तर शंका रास्त आहे, पण उत्तर स्पष्ट आहे. इथली सरकारी शाळा कुठल्याच धर्माची नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सरकारी मंडळाने शाळांसाठी लिहून दिलेली प्रार्थना आणि १९६३ साली शाळेकडून होणारं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. नाताळची सुट्टी १८७० पासून केंद्र सरकारची सुट्टी आहे, तो भाग वेगळा. शाळेला नाताळ म्हणजे काय ते शिकवता येतं, मुलाला तो पाळायला लावता येत नाही. गाण्यांचंही तसंच. साउथ डकोटातल्या सू फॉल्सच्या शाळांवरून हाच वाद कोर्टात गेला होता, आणि १९८० साली तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की संगीत आणि संस्कृती शिकवण्याच्या हेतूने अशी गाणी कार्यक्रमात असायला हरकत नाही. म्हणून आजही बहुतेक ठिकाणी कार्यक्रमाचं नाव 'विंटर कॉन्सर्ट' असतं. त्यात बर्फाची दोन गाणी असतात, ज्यू लोकांच्या हनुक्का सणाचं एखादं असतं आणि कधी येशूजन्माचंही असतं. एखादं गाणं तुमच्या मनाला पटत नसेल तर संगीताच्या शिक्षकांना आधीच दोन ओळींची ईमेल करा. तेवढ्या गाण्यापुरतं मुलाला बाजूला बसवतात, कुणी वाईट मानत नाही. मात्र हे सगळं सरकारी शाळेचं झालं. चर्चने चालवलेल्या खासगी शाळेत प्रार्थना असणारच, तो विचार प्रवेश घेण्याआधी करायचा.

नवापूर-चिंचपाड्याकडची किंवा भुसावळच्या रेल्वे वसाहतीतली ख्रिस्ती कुटुंबंही इकडे येतात, आणि त्यांचा प्रश्न नेमका उलटा असतो. एवढ्या ख्रिस्ती लोकांच्या देशात शाळेत येशूजन्माच्या गव्हाणीचा देखावा कसा नाही, शिक्षक नुसतंच 'हॅपी हॉलिडेज' का म्हणतात? त्यालाही कारण तेच. तुमचं मूल मैत्रिणीला 'मेरी ख्रिसमस' म्हणू शकतं, चित्रात गव्हाण काढू शकतं. त्याच्यावर बंदी नाही, बंधन शाळेवर आहे. गव्हाण, उपासना, गायन हे सगळं गावातल्या चर्चमध्ये भरपूर मिळेल, आणि चर्चचे लोक नव्या माणसाचं मनापासून स्वागत करतात.

आता कॉन्सर्टकडे या, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच. आपल्याकडचं स्नेहसंमेलन, म्हणजे आपलं 'गॅदरिंग', साधारण याच दिवसांत होतं, त्यामुळे मनात चित्र तेच असतं: मैदानात मांडव, पाहुण्यांची भाषणं, भाड्याचे कपडे, सहाचा कार्यक्रम साडेसातला. इथे सातचा कार्यक्रम सातलाच सुरू होतो. मुलांना अर्धा-पाऊण तास आधी वर्गात सोडायचं असतं आणि ती वेळ कागदावर वेगळी लिहिलेली असते, ती नीट बघा. भाषण असलंच तर दोन मिनिटांचं. साधारण चौथी-पाचवीपासून मुलं शाळेतच व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट शिकायला लागतात, आणि सप्टेंबरपासून जे शिकले ते या संध्याकाळी वाजवतात. पहिल्या वर्षीच्या मुलांचे सूर हलतात, धून चार-पाच सुरांचीच असते. तरी सभागृह पूर्ण शांत बसून ऐकतं. मला हे फार आवडतं.

पोशाख बहुधा पांढरा शर्ट, काळी पँट किंवा काळा परकर, काळे बूट. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानात मुलांच्या मापाची काळी पँट मिळत नाही, म्हणून थँक्सगिव्हिंगच्या सुमारासच घेऊन ठेवा, जुन्या कपड्यांच्या दुकानातही चालते. तेवढ्यासाठी खर्च जड जात असेल तर संगीताच्या शिक्षकांना सांगा, बऱ्याच शाळांत जास्तीचे कपडे ठेवलेले असतात.

सभागृहात बसल्यावर एक गोष्ट आपल्या लोकांनी आवर्जून पाळावी. आपल्या मुलाचं झालं की उठून जाऊ नका. आधी लहान वर्ग, मग मोठे, शेवटी मोठ्यांचा बँड असा क्रम असतो, आणि तोवर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या तर शेवटी वाजवणाऱ्या पोरांना ते दिसतं. फोनवर आपल्या मुलाचा व्हिडिओ काढा, पण मागच्याच्या डोळ्यांपुढे हात धरून नको, आणि दुसऱ्यांची मुलं दिसणारा व्हिडिओ सगळ्या जगाला दिसेल असा टाकू नका. घरच्या व्हॉट्सॲप गटावर आजी-आजोबांना पाठवा, पुष्कळ झालं. मिडल स्कूलपासून (साधारण सहावी ते आठवी) बँड किंवा कोरस हा विषयच असतो आणि कॉन्सर्टला हजर राहण्याचे गुण असतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्या दिवशी लग्न, बारसं, मंडळाचा कार्यक्रम यातलं काही ठरवू नका.

पारोळ्याकडचं एक कुटुंब आमच्या गावात आलं त्या वर्षी मी त्यांच्या मागच्याच रांगेत होते. वडील गोदामात दुपारपाळीला जायचे, त्या दिवशी दोन तास रजा घेऊन तसेच पिवळं जाकीट घालून आले होते आणि दारातच घुटमळत होते. मुलगा मंचावर दुसऱ्या पायरीवर क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसलेला. बाईंनी हात वर केला, सगळ्यांनी वाद्यं उचलली, याने नाही उचललं. तो रांगेमागून रांग डोळ्यांनी शोधत होता. पिवळं जाकीट दिसलं, आणि मग त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं. तुमच्या अंगावर कामाचे कपडे आहेत, इंग्रजी मोडकं आहे, हे तिथे कुणी बघत नाही. बघणारं एकच जण असतं, आणि ते तुम्हालाच शोधत असतं.

इंग्रजीवरून अडत असेल तर शाळेच्या ऑफिसात दुभाषा मागा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे पालकांना कळेल अशा भाषेत महत्त्वाची माहिती देणं शाळेवर बंधनकारक आहे, आणि मराठी दुभाषा फोनवर मिळवता येतो. लाजू नका.

खाण्याचं प्रकरण मात्र सविस्तर समजून घ्या. सुट्टी लागायच्या आधी वर्गात छोटी पार्टी असते. 'रूम पेरेंट' म्हणजे वर्गाची जबाबदारी घेतलेली एखादी आई ऑनलाइन यादी पाठवते: कुणी फळं, कुणी ज्यूस, कुणी कागदी ताटल्या. आपल्याकडचा हात सढळ, मनात लगेच येतं की डबा भरून तिळाचे नाहीतर शेंगदाण्याचे लाडू द्यावेत. ते करू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असू शकतं आणि त्याचा त्रास जिवावर बेततो. तिळाचंही तेच. १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर ठळक सांगावं लागणाऱ्या ॲलर्जीच्या पदार्थांत तीळ नववा आहे. बऱ्याच शाळांत घरी केलेलं अन्न चालतच नाही, घटकांची यादी छापलेलं बंद पाकीटच लागतं. यादीत नाव टाकताना फळं घ्या. रावेर-यावलच्या माणसाने केळी न्यावीत, त्यात चूक होण्यासारखं काही नाही, आणि मुलं ती खातात.

उलट बाजूने, तुमचं मूल शाकाहारी असेल तर पार्टीआधीच शिक्षकांना लिहून कळवा. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून भागत नाही, कारण इथे बऱ्याच जणांच्या लेखी मांसाचा तुकडा नसला की ते शाकाहारी. हॉट चॉकलेटवर तरंगणारे पांढरे मार्शमेलो जिलेटीनचे असतात, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचे. रंगीत चिकट गोळ्यांतही बहुधा तेच. मुलं बिस्किटांचं घर बांधतात, त्यावरच्या पांढऱ्या साखरेच्या लेपात बऱ्याचदा अंड्याचा पांढरा भाग असतो. लाल-पांढऱ्या काठीच्या गोळीत सहसा फक्त साखर असते, तरी पाकीट वाचाच. "मांस नको, जिलेटीन नको, अंडं चालतं" किंवा "चालत नाही" असं सरळ लिहा, आणि मुलाजवळ त्याच्या आवडीचं काहीतरी वेगळं द्या, म्हणजे सगळे खात असताना ते रिकाम्या हाताने बसणार नाही.

सँटाक्लॉजवर घरी आधीच बोलून ठेवा. इथल्या सहा-सात वर्षांच्या मुलांचा त्याच्यावर खरोखर विश्वास असतो, आणि तो जपण्यासाठी त्यांचे आई-बाप मेहनत घेतात. आपलं आठ वर्षांचं हुशार पोरगं बसमध्ये सांगून मोकळं होतं की सँटा-बिंटा कुणी नसतो, भेटी आईवडीलच ठेवतात. मग लहानगी रडतात आणि रात्री दुसऱ्या घरी अवघड प्रश्न उभा राहतो. मुलाला एवढंच सांगा की तो त्यांच्या घरातला आनंद आहे, तो आपण मोडायचा नाही. "आपल्याकडे सँटा का नाही आला?" हा प्रश्न तुमच्या घरीही येईल. काही जण उशीजवळ छोटी भेट ठेवतात, काही जण सांगतात की आपल्या घरी भेटी दिवाळीला. माझं मत विचाराल तर दिवाळी चांगली दणक्यात करा, मग हा प्रश्न फार टोचत नाही. पण तो प्रत्येक घराचा निर्णय आहे.

शिक्षकांना भेट देण्याची पद्धत आहे, सक्ती नाही. दहा-पंधरा डॉलरचं गिफ्ट कार्ड पुरतं. सोनं, चांदी, साडी असलं काही नको, शिक्षक अडचणीत येतात. मॅसॅच्युसेट्समध्ये तर सरकारी शाळेच्या शिक्षकाला एका पालकाकडून ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट घेताच येत नाही. मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र सोबत द्या, शिक्षक ते वर्षानुवर्षं ठेवतात. रोजच्या बसचा चालक आणि रस्ता ओलांडून देणारे काका यांना बरेच जण विसरतात, तुम्ही विसरू नका.

खेळणी, डबाबंद अन्न, थंडीचे कोट गोळा करायचे खोके शाळेच्या दारात ठेवलेले असतात. 'टॉईज फॉर टॉट्स' ही मरीन सैनिकांच्या राखीव दलाची मोहीम १९४७ पासून चालू आहे. त्यात खेळणं नवं लागतं आणि कागदात गुंडाळलेलं नसावं. जमेल ते एखादं मुलाच्या हातून टाकायला लावा. आणि पहिल्या वर्षी तुमचीच ओढाताण असेल, मुलाला धड कोट नसेल, तर शाळेच्या समुपदेशकांना गाठा. ते खोके आपल्यासारख्यांसाठीही असतात आणि नाव कुठे फुटत नाही.

पायजमा डे, विचित्र स्वेटरचा दिवस, टोपीचा दिवस यांसाठी नवीन काही विकत घेऊ नका, घरात असेल ते चालतं. फक्त तारीख चुकवू नका, कारण सगळे पायजम्यात आणि आपलंच मूल जीन्समध्ये असलं की ते दिवसभर खट्टू असतं.

सुट्टी लागायच्या शेवटच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी अर्धी शाळा असते. बस दुपारी बारा-साडेबारालाच येते. दोघंही कामावर असाल तर मुलाला घ्यायला कोण जाणार ते आधी ठरवा. या एका गोष्टीवरून दरवर्षी कुठलंतरी मूल ऑफिसात बसून राहतं. सुट्टी साधारण २३-२४ डिसेंबरपासून नववर्षापर्यंत.

त्या सुट्टीत २४ डिसेंबर येतो, साने गुरुजींची जयंती. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते, आणि आम्ही अमळनेरकर असल्याने त्या दिवशी आसपासची मराठी मुलं आमच्याकडे जमतात. गोष्टी सांगतो, आणि अंगणातल्या शेगडीवर वांगी भाजून भरीत करतो. जळगावच्या हिरव्या वांग्याची सर इथल्या जांभळ्याला नाही, पण भाजल्याचा वास तोच येतो. मुलांच्या वर्गातले मित्रही बोलवा. त्यांनी त्यांचा सण तुमच्या मुलाला दाखवला, तुम्ही तुमचा डिसेंबर दाखवा.

याच सुट्टीला जोडून गावी जायचं मनात असतं. तिकिटं तेव्हा महाग असतात, म्हणून पुष्कळ जण आठवडाभर आधी निघतात किंवा जानेवारीच्या मध्यावर परततात. तिकीट काढण्याआधी शाळेचं वर्षाचं कॅलेंडर बघा आणि ऑफिसला लेखी कळवा. सलग बरेच दिवस न कळवता मूल गैरहजर राहिलं तर काही ठिकाणी पटावरून नाव काढतात, मग परत आल्यावर प्रवेशाचे सगळे कागद पुन्हा. शिक्षकांना आधी सांगितलं तर ते पानं, पुस्तकं सोबत देतात. आणि निघायची तारीख कॉन्सर्टच्या नंतरची धरा.